बेचाळीस शून्यं

छापखान्यात त्यांना सगळे वेलांटीकाका म्हणत. चौतीस वर्षं मुद्रितं तपासून त्यांची नजर अशी तयार झाली होती, की ते औषधाच्या बाटलीवरची चूकसुद्धा आधी दुरुस्त करत आणि मगच औषध घेत. स्वतःच्या लग्नाची पत्रिका त्यांनी तीनदा परत पाठवली होती. पाहुण्यांच्या हाती पडली तेव्हा लग्न होऊन आठवडा झाला होता.

अशा माणसाच्या टेबलावर विश्वाच्या जन्माचं पुस्तक आलं. लेखिका भौतिकशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका, भारी कडक. पहिलंच वाक्य होतं, 'सुरुवातीला काळही नव्हता.' काकांनी समासात लाल पेनानं लिहिलं, 'मग सुरुवात कधी झाली?' 'विश्व प्रसरण पावत आहे' यापुढे लिहिलं, 'कशात?'

चौथ्या पानावर दशांशचिन्ह, त्यापुढे ओळीनं बेचाळीस शून्यं आणि शेवटी बिचारा एक. एवढ्या सेकंदाच्या आत काय घडलं ते कुणालाच ठाऊक नाही, असं बाईंचं म्हणणं.

"जुळणीवाल्याला डुलकी लागली वाटतं," असं पुटपुटत काकांनी सगळी शून्यं उडवली.

दुसरं मुद्रित हातात पडताच बाई तरातरा आल्या. "माझी शून्यं कुणी खाल्ली?"

"मी," काका शांतपणे म्हणाले. "इतकी पुनरुक्ती बरी दिसत नाही."

"अहो, तुम्ही एक दशांश सेकंद करून ठेवलंत! तेवढ्यात विश्व कुठल्या कुठे पोचलं होतं!"

"एवढी घाई कसली होती त्याला?"

बाई खुर्ची ओढून शून्यं परत घालायला बसल्या. बाईंची एक्केचाळीस भरली, काकांची त्रेचाळीस. तिसऱ्या मोजणीत चहावाल्यानं मध्येच "किती?" विचारलं आणि बाई तंद्रीत म्हणाल्या, "सदतीस." तो घाबरून आणखी दूध आणायला गेला.

एकदाची बेचाळीस जमली. मग बाईंचं लक्ष समासाकडे गेलं. "हे 'कशात?' तुमचं?"

"खोडतो."

"खबरदार! कशातच नाही, जागाच ताणली जाते. पण हा प्रश्न कुणी विचारल्याशिवाय मी उत्तर लिहू कुठे?"

पुस्तक काकांच्या सगळ्या प्रश्नांसकट छापलं गेलं. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका पुसणाऱ्या काकांनी आपलं छापील 'कशात?' पाहिलं आणि लाजून पुस्तक उशीखाली लपवलं.

ते काकूंना सापडलं. त्यांनी ते दोन दिवसांत वाचून काढलं. "विश्वाला एकशे सहा प्रश्न! मला कधी एक तरी विचारलात?"

"काय विचारू?" काका गडबडले.

"राहू द्या. मलाच विचारायचंय." काकूंनी काकांच्या प्रश्नांखाली पेन्सिलीनं आपले प्रश्न लिहिले. एकाचंही उत्तर काकांना येईना, म्हणून बाईंना घरी बोलवावं लागलं.

आता बाई दर रविवारी येतात. काकू विचारतात, बाई सांगतात, दोघी तावातावानं भांडतात. दुसऱ्या पुस्तकावर लेखिका म्हणून दोघींची नावं आहेत. काकांना बोलायची मुभा नाही. ते कोपऱ्यात बसून शुद्धलेखन बघतात.