मुक्या शहरातलं गाऱ्हाणं

दौलतमामांच्या हातात नारळ द्यायलाच नको होता. पण त्या डायरेक्टरला कोण सांगणार?

आमच्या लालबागच्या चाळीत पिक्चरचं शूटिंग होतं. गोष्ट शंभर वर्षांनंतरच्या मुंबईची. झाडं संपलेली, बोलायला बंदी, तोंड उघडलं की शिपाई उचलून नेणार. त्यांना भकास जागा हवी होती आणि आमची चाळ पाडायलाच काढलेली. फार काही रंगवावं लागलं नाही. मुकी गर्दी म्हणून आम्ही चाळकरीच उभे.

दौलतमामा माझे शेजारी. गिरणी गेली, मामी गेली, एकटेच राहायचे. दर गणपतीत देवापुढे नारळ धरून चाळीचं गाऱ्हाणं तेच घालायचे. त्यांना काम मिळालं म्हाताऱ्याचं. शहरातला शेवटचा नारळ घेऊन गप्प उभं राहायचं, मग शिपाई तो हिसकावणार.

कॅमेरा सुरू झाला. हातात नारळ, समोर सगळी चाळ. मामांनी डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे एका दमात. लहानपणापासूनची सवय, ती कशी थांबणार?

"ही सगळी लेकरा तुझ्यासमोर उभी हत. चाळ पडली तरी हेंका पांगवू नको. एका जाग्यार ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" शिपाई झालेला आमचा भिवासुद्धा ओरडला.

"कट! काका, तुम्ही मुके आहात!"

"मी मुको आसलंय तरी देव बहिरो न्हय मा?"

डायरेक्टर हसला. म्हणाला, राहू दे, हेच ठेवतो.

पिक्चर लागेपर्यंत चाळ रिकामी झाली. कोण डोंबिवलीला, कोण विरारला. आमच्या मजल्यावरच्या मालनताई तर नव्या जागेत महिनाभरही जगल्या नाहीत. पिक्चर आला तेव्हा मामा हॉस्पिटलात होते, आणि आठवड्यात पिक्चर थेटरातून उतरलाही. माझा मुलगा अर्णव त्यांना मोबाइलवर परीक्षणं वाचून दाखवायचा. एकाने लिहिलं होतं, अख्ख्या पिक्चरमध्ये तेवढीच माणसं जिवंत वाटतात. बाकीच्यांनी टर उडवली. मुकं शहर एकदम ओ कसं देतं? विज्ञानाच्या गोष्टीत नारळ कशाला?

"लिवांदे," मामा म्हणाले. "माका फक्त सगळ्यांचो आवाज एकदा ऐकूचो हा."

परवा पिक्चर मोबाइलवर आला. मी नि अर्णव मामांच्या वरळीच्या भाड्याच्या खोलीवर गेलो. मामा उशीला टेकून बसले. नारळ दिसला तसे सरसावले. भिवाने नारळ हिसकावला. आमचे सगळ्यांचे चेहरे दिसले, गप्प. लगेच पुढचा सीन.

अर्णवने मागे नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा तेच. म्हणाला, "मामा, लोकांनी नावं ठेवली ना, म्हणून कापलं असेल."

तो आणखी एकदा मागे नेत होता, तेव्हा मामांनी त्याच्या हातावर हात ठेवला. "ऱ्हवांदे रे झिला."

मग मामांनी डोळे मिटले, रिकामी ओंजळ पुढे धरली.

"बा देवा म्हाराजा..."

आणि थांबले. ओ आल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे जात नाही.

मी डोक्यावर पदर घेतला. "व्हय म्हाराजा."

एकटीचा आवाज केवढा असणार? मामांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. ओंजळ तशीच होती. पुढचं मागणं त्यांनी मागितलं नाही.