सुखदेव दारू पीत नव्हता

आमच्या घरात दारूचा थेंब कधी आला नाही. तरी माझा धाकटा भाऊ सुखदेव गावात दारुडा म्हणून जगला आणि दारुडा म्हणूनच मेला. त्याला दारुडा मी केलं. हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. कोणी विचारलं की पावसापाण्याचं बोलायचो, नाही तर उठून जायचो. आता सत्तरी ओलांडली. आताही टाळलं तर माझ्याबरोबर ही गोष्टसुद्धा जळून जाईल.

मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जुन्या जमीनदाराच्या, पोरीचं लग्न होतं. मालगुजारी केव्हाच गेली, पण राजेगावकडच्या आमच्या गावात त्या घराला अजून मालगुजारच म्हणतात. राइस मिल त्यांची. मी तिथे काट्यावर होतो, धान तोलायला. सुखदेव नुकताच फौजेतून पेन्शनवर आला होता. वर डोंगरात लढाई झाली, तिच्यात तो होता. त्याच्या बाजूचे दोघं तिथेच राहिले. याहून जास्त तो कधी बोलला नाही.

मालक मला म्हणाले, "तुझ्या भावाले सांग, वर्दी घालून, मेडल लावून गेटवर उभा राह्य म्हणा. पाहुण्याइले सलाम ठोक म्हणा. शान वाढते."

सुखदेव नको म्हणत होता. "दादा, ते वर्दी लोकाच्या गेटवर उभं राहाले नाई भेटली मले."

"माह्या नोकरीचा तं विचार कर," मी म्हणालो.

तो उभा राहिला.

वरात आली. मांडवाच्या तोंडाशीच कोणीतरी फटाक्यांची मोठी लड पेटवली, वर सुतळी बॉम्ब. सुखदेवचा चेहरा मी पाहिला. तो आमच्या गावात नव्हता. त्यानं झेप घेतली, नवरदेवाच्या बापाला खाली पाडलं आणि त्याच्यावर आडवा पडला. स्वतःच्या अंगाखाली त्याला झाकून ओरडत राहिला, "नीचे! सिर नीचे!" लड संपली तरी ओरडत होता.

आधी सगळे हसले. पोट धरून हसले. मग व्याह्यांचा फेटा मातीत दिसला आणि हसू थांबलं.

"वर्दी घातली म्हणून आमच्या पाहुण्याच्या अंगावर पडतं?" मालक गरजले. "फौजेत गेले तरी जात नाई जात तुमची!"

आम्ही बौद्ध. बापानं देव नदीत सोडले होते आणि मान वर करून चालायला शिकवलं होतं. त्या शब्दावर मी बोलायला पाहिजे होतं. मी बोललोही. हात जोडून बोललो.

"माफ करा मालक. दारू पेला जी तो."

काहून बोललो? फौजी फटाक्याला भ्याला, हे सांगायची मला लाज वाटली. पिसाट झाला म्हणायचीही लाज वाटली. दारूला गाव माफ करतं. आणि माझी काट्यावरची जागा होती. हे सगळं त्या एका क्षणात माझ्या डोक्यात आलं, हे मला चांगलं आठवतं.

मालक हसले. "मंग असं सांग ना! बकेट आना रे, फौजी की उतारो."

पाण्याची बादली त्याच्यावर ओतली. वर्दीवर, मेडलवर. मग म्हणाले, कान धरायला लाव. सुखदेवचे हात वर जात नव्हते. मी ते धरले. मीच ते त्याच्या कानांना लावले.

घरी आल्यावर तो माझ्यासमोर बसला. अंगावर ओलीच वर्दी.

"दादा, माह्या तोंडाचा वास घे."

मी तोंड फिरवलं.

त्यानं पुन्हा कधी म्हटलं नाही. मला वाटलं, मिटलं. पण एकदा बोललेलं खोटं तिथेच थांबत नाही. दिवाळीत पोरं त्याच्यामागे फटाके सोडायची आणि ओरडायची, "फौजी, चढली का?" टिनावर जांभूळ पडलं तरी तो खाटेखाली जायचा. दिवाळी आली की तो बैहरच्या बसमध्ये बसायचा आणि जंगलात कुठेतरी दिवस काढून यायचा. लोक म्हणायचे, मोहाची प्यायला गेला.

लांजीहून त्याचे साळे आले. शीलाला, त्याच्या बायकोला, आणि लहान पोरीला न्यायला आले होते. मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, "भाऊ, खरं सांगा, पेतेत का?" नाही म्हटलं असतं तर मालकापुढे मी खोटा ठरलो असतो.

"हौ," मी म्हणालो.

शीला गेली. पोरगी मागे पाहत गेली.

एकदा त्याला गोंदियाला डॉक्टरकडे नेलं. झोप येत नव्हती त्याला. डॉक्टरनं विचारलं, किती वर्षांपासून पिता? सुखदेवनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहत राहिलो. दारू सोडवायच्या गोळ्या मिळाल्या. त्यानं त्या निमूट खाल्ल्या. न पिणाऱ्या माणसानं.

मागच्या हिवाळ्यात त्याची छाती भरली. बालाघाटच्या दवाखान्यात ठेवला. वॉर्डात कोणाच्या हातून सिलिंडर पडला आणि सुखदेवनं शेजारच्या पेशंटवर अंग टाकलं. एक तरुण डॉक्टरीणबाई धावत आल्या. त्यांनी त्याला धरलं नाही, ओरडल्या नाहीत. जवळ बसून हळू विचारलं, "बाबा, फौज में थे क्या?"

कोणीतरी पहिल्यांदाच विचारलं. मला बाहेर बोलावून त्या म्हणाल्या, ही लढाईची बिमारी आहे, असं पुष्कळांना होतं, यावर इलाज होतो. इतकी वर्षं तुम्ही कोणाला दाखवलं का नाही? मी काय सांगणार? दाखवलं होतं. माझं खोटं सोबत घेऊन दाखवलं होतं.

त्यानंतर दोन दिवसांनी तो गेला. त्या दोन दिवसांचं मी शेवटी लिहितो.

तो गेल्यावर मालकाचा मुलगा घरी आला. आता कारभार त्याच्याकडे आहे. गावाच्या तोंडाशी सुखदेवच्या नावाची कमान बांधायची, म्हणाला. कार्यक्रम ठेवला. मला शाल देणार होते. स्टेजवर माझ्या कानाशी येऊन बोलला, "काका, ते दारूचं काई काढू नका. आम्हीही इसरलो. मोठं मन ठेवलं."

मोठं मन!

शाल मी घेतली नाही. माइक घेतला.

"माहा भाऊ कधी दारू पेला नाई. मी खोटं बोललो, याच्या बापाच्या भेवानं. त्याले लढाईची बिमारी होती. तुम्ही हासले. त्याच्या वर्दीवर पाणी ओतलं. कान धरवले, ते माह्याच हातानं. कमान बांधाची असन तं हे सगळं तिच्यावर लिहा. नाई तं नोका बांधू."

माइक बंद केला त्यांनी. मी बिनमाइकचा बोललो. कमान झाली नाही.

मग लांजीला गेलो. शीलानं उभ्यानंच ऐकून घेतलं.

"मले मालूम होतं ते पेत नाई," ती म्हणाली. "बाजूले झोपत होती मी त्याइच्या. पण माह्या भावाइनं तुमचं आयकलं. माहं कोण आयकते?"

मी निघालो, तर तिनं थांबवलं.

"मले सांगून काय फायदा? माह्या पोरीले सांगा. तिच्या सासरी जाऊन सांगा, सगळ्याइसमोर. पोरगी अजून सांगते, माहा बाप दारूत गेला."

जाणार आहे. ज्या ज्या दारात मी 'हौ' म्हणालो, त्या प्रत्येक दारात उभा राहून 'नाई' म्हणणार आहे. कोणी हाकललं तर उंबऱ्याबाहेरून सांगीन. माफी मागायला जात नाही. भावाचं नाव त्याला परत करायला जातो आहे.

माफी मागायची होती ती एकाचीच. ते दोन दिवस मी त्याच्या खाटेजवळ होतो. तो शुद्धीत होता, बोलत होता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं माझ्या तोंडाशी होतं. दुसऱ्या दिवशी वॉर्डात शांत होतं. मी त्याचे हात धरले. तेच हात.

"सुखदेव."

"काय जी दादा?"

तो माझ्याकडे पाहत होता. वाट पाहत होता, असं आता वाटतं.

"केळं खातं का?" मी म्हणालो.

तो म्हणाला, "दे आर्धं."

मी सोलून दिलं.