उन्हाळ्यात न्या

ठाकूरद्वारच्या एका वाडीत, दुसऱ्या मजल्यावर, राजलक्ष्मी अजिंक्य नावाची बाई राहायची. उभ्या जन्मात तिने चौपाटीपलीकडचा समुद्र पाहिला नव्हता. तरी हर्णैच्या किल्ल्याला बुरूज किती, दाभोळच्या मशिदीचा घुमट केवढा, कुड्याच्या लेण्यांत उजेड कुठून येतो, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. कारण ते सगळं तिने तीन-तीनदा लिहून काढलं होतं. नवरा फिरायचा आणि ही लिहायची, असा तो संसार होता.

नवरा म्हणजे शरदचंद्र. कचेरीत हेडक्लार्क आणि कचेरीबाहेर, स्वतःच्या मते, इतिहाससंशोधक. दिवाळी आटोपली की दोन मित्रांना घेऊन भाऊच्या धक्क्यावरून बोट धरायचे आणि पंधरा दिवस किनारा पालथा घालून यायचे. वाळूत चालायचे, देवळांचे खांब मोजायचे, कुणाच्या तरी ओटीवर आयतं जेवायचे. येताना बायकोला काय आणायचे, तर टिपणांच्या वह्या. त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीने पाय उठवलेले, आणि राजलक्ष्मीचं मोत्यांसारखं. छापखान्यात जायची प्रत तिच्याच हातची लागायची. एखादा शब्द बदलला की अख्खं पान पुन्हा लिहायला लावत. खाडाखोड त्यांना खपत नसे, मग ती त्यांच्याच डोक्यातली का असेना.

पंचावन्नच्या पावसाळ्यात तिची बोटं सुजू लागली. सकाळी मूठ उघडेना. तिने भीतभीत सांगितलं, तर हे म्हणाले, "पुस्तक अर्ध्यावर आलंय आणि तुला आत्ताच दुखायचं सुचलं?" मग तिने चिंधीने टाक बोटांना बांधला आणि लिहीत राहिली. मला विचाराल तर त्या चिंधीवरच पुस्तकाचं नाव छापायला हवं होतं.

शेवटी छप्पन्नच्या फाल्गुनात, शहरातली संचारबंदी उठून काही आठवडे झाल्यावर, शेजारणींच्या बोलण्याची लाज वाटून शरदचंद्र तिला धोंडूवैद्यांकडे घेऊन गेले. वैद्यबुवा मूळचे दापोलीकडचे, गिरगावात तीस वर्षं काढून बोली मात्र तिकडचीच राखलेले. त्यांनी तिचं एकेक बोट हळूच वाकवून पाहिलं.

"बाईंना उन्हाळ्यात न्या," ते म्हणाले. "एकवीस दिवस. बोटं अजून लवतायत, उघडतील. हयगय मात्र करू नका. एकदा सांधे बसले की ब्रह्मदेव आला तरी उघडायचे नाहीत."

शरदचंद्रांच्या मिशीखाली हसू हललं. ते राजलक्ष्मीने पाहिलं आणि तिला वाटलं, आपली बोटं सुटणार म्हणून यांनाही बरं वाटलं. बाईमाणूस किती वेडं असावं!

जिना उतरताना तिने विचारलं, "उन्हाळ्यात म्हणजे चैत्रापासून धरायचं का हो? आणि कुठे न्यायचं, ते बोललेच नाहीत."

"हवापालट गं. समुद्रावर कुठेतरी," ते म्हणाले. "उन्हाळा लागू दे, बघू."

घरी आल्या आल्या तिने पंचांग काढलं. गुढीपाडव्याला थोडेच दिवस होते. तिने एका पिशवीत दोन सुती लुगडी आणि एक पंचा घालून ठेवला.

त्या उन्हाळ्यात ते म्हणाले, "मुंबई केंद्राच्या घशात चाललीय आणि मी बायकोला घेऊन हवा खायला जाऊ? लोक काय म्हणतील?" हे स्वतः एकाही मोर्चात गेले नव्हते. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ही आरोळी त्यांनी गॅलरीतून ऐकली होती, तीही चहा पिता पिता. कार्तिकात मात्र ते बोटीवर हजर होते. तिने पिशवीकडे पाहत विचारलं, मीही येऊ का? "वैद्यांनी उन्हाळ्यात सांगितलंय. थंडीतला समुद्रवारा तुझ्या सांध्यांना विष आहे," असं म्हणून ते गेले. परत आले ते टवटवीत होऊन. "अंग कसं मोकळं झालंय म्हणून सांगू," म्हणाले आणि नवी वही तिच्यापुढे टाकली.

सत्तावन्नच्या उन्हाळ्यात प्रकाशकाने घाई केली होती. अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात तिने हट्टच धरला, तेव्हा एका रविवारी तिला चालवत चौपाटीवर नेलं आणि घोटाभर पाण्यात उभं केलं. "समुद्र तो समुद्रच. घे, झाला हवापालट." भेळ मात्र त्यांनी खाल्ली. एकोणसाठच्या उन्हाळ्यात तिने विचारलंच नाही. पिशवीतली लुगडी काढून नेसायला घेतली. धोंडूवैद्यही तोवर वारले होते, तेव्हा पुन्हा विचारायचं तरी कुणाला? डाव्या हाताची चार आणि उजव्या हाताची पाचही बोटं तळव्याकडे वळून बसली होती. जेवताना ती भाताचा घास मनगटाने ताटाच्या कडेला ढकलायची आणि तिथून वाकून उचलायची. दार लावून जेवायची.

पुस्तकाची शेवटची तीस पानं तिच्या हातून व्हायची नव्हतीच. माटुंग्याहून पुतणी सुमेधा, कॉलेजात शिकणारी, दर शनिवारी येऊन ती लिहून गेली. राजलक्ष्मीने एकदा म्हटलं, "वाच गं जरा, शेवटचं प्रकरण कशाचं आहे?" सुमेधा म्हणाली, "गरम पाण्याच्या झऱ्यांचं, काकी." आणि वही मिटून घाईने उठली.

पुस्तक साठच्या मे महिन्यात निघालं. राज्य होऊन पंधरवडा झाला होता, जो तो आपला महाराष्ट्र पाहायला निघण्याच्या गोष्टी करत होता. प्रकाशकाने हे अचूक हेरलं. गिरगावातल्या एका लहानशा सभागृहात रविवारी सकाळी समारंभ ठेवला. राजलक्ष्मी पहिल्या रांगेत, पदराखाली हात घेऊन बसली होती, शेजारी सुमेधा. अगदी मागे, पुस्तकांचे गठ्ठे वाहून आणलेला छापखान्यातला गुणाजी होता. लालबागला राहणारा, मूळचा खेडचा. पुस्तकाच्या छपाईचे खिळे, एकेक अक्षर, त्यानेच जुळवले होते.

शरदचंद्र वाचायला उभे राहिले. त्यांनी नेमकं शेवटचं प्रकरण काढलं. सुमेधाने मान खाली घातली.

"'कोकणात उन्हाळे म्हणजे ऋतू नव्हे,'" ते ठसक्यात वाचू लागले, "'तर ऊन पाण्याचा झरा. हा शब्द ठाऊक नसला की कशी गंमत होते पाहा. माझ्या कुटुंबाच्या संधिवातावर एका वैद्यांनी, उन्हाळ्यात न्या, असा उपाय सांगितला. मला अर्थ तत्काळ उमगला. बाईसाहेब मात्र घरी येऊन पंचांगात चैत्र शोधू लागल्या! गेली चार वर्षे त्या उन्हाळ्याची वाट पाहत आहेत. मी त्या उन्हाळ्यात तीनदा स्नान केले. पाणी अत्यंत सुखद आहे.'"

सभागृह हास्यात बुडालं. राजलक्ष्मीही हसली. नवऱ्याच्या विनोदाला हसायची तिला तीस वर्षांची सवय होती, तोंड आपोआप हसलं. मग अर्थ आत उतरला. तीनदा. तीन कार्तिक. तीनदा अंग मोकळं करून आलेला हा माणूस, आणि त्याच्यापुढे मुठी मिटून बसलेली ती. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. मार निदान लोकांना वाचून दाखवत नाहीत.

हसणं ओसरलं तेव्हा मागून गुणाजी उभा राहिला.

"साहेब, माजी आय त्याच उन्हाळ्यात काठी टाकून आली व्हती," तो म्हणाला. "मग बाईंना न्हेलात काय?"

राजलक्ष्मीने मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. उत्तर तिलाही हवं होतं.

"नेणार तर!" शरदचंद्र म्हणाले. "येत्या उन्हाळ्यात!"

आता तर छत कोसळायचं बाकी राहिलं. अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे पुसले. गुणाजी हसला नाही. तो खाली बसला आणि गठ्ठ्याची सुतळी सोडत राहिला. पहिली प्रत राजलक्ष्मीला द्यायची ठरली होती. तिला ती धरता येईना, म्हणून शरदचंद्रांनी ती तिच्या मांडीवर ठेवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घरी पोहोचेतो बारा वाजले. बोलून बोलून शरदचंद्रांचा घसा पार बसला होता, पण स्वारी खुशीत होती. "तुझ्यामुळे सभा जिंकली हं आज," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले आणि आरामखुर्चीत पडले. भाषणानंतर त्यांना मिठाच्या गरम पाण्याच्या गुळण्या लागत, मग मे असो की डिसेंबर. सुमेधाने स्टोव्ह पेटवून, मीठ घालून पातेलं चढवलं आणि काकीच्या तोंडाकडे न पाहता ती माटुंग्याला निघून गेली.

पाणी तापलं. राजलक्ष्मीने दोन मनगटांत पदर धरून पातेलं खाली उतरवलं. पाटावर बसली. आणि आपल्या दोन्ही मिटल्या मुठी तिने त्या पाण्यात घातल्या. चांगलंच भाजलं, तरी काढल्या नाहीत. एक बोट उघडेल का म्हणून ती टक लावून पाहत राहिली. एकही उघडलं नाही.

बाहेरून हाक आली, "अगं, गरम पाणी कुठाय?"

तिने मुठी पाण्यात आणखी खोल दाबल्या. दुसरी हाक घशातच अडकली, तेव्हा ते उठून स्वयंपाकघराच्या दारात आले. तिचे हात पाहिले, पातेलं पाहिलं.

"माझं पाणी कुठाय?"

"उन्हाळ्यात," राजलक्ष्मी म्हणाली.