हातासाठी घातलेला वाद

मी ब्लाऊज शिवते. ताडकळसात माझ्याआधीही शिवणाऱ्या होत्या, पण गळ्याला पायपिंगची बारीक पट्टी लावायची असली की बायका माझ्याकडं यायच्या. मशीनवर टीप कुणालाही मारता येते. गळा आतून हातानं तुरपावा लागतो, आणि शिवणारीचा हात तिथं कळतो. नवऱ्याची मेंढरं, थोडी शेती आणि माझं मशीन, एवढ्यावर आमचं घर नीट चाललं होतं.

पस्तिशीत मला आजार झाला. तो आजार आहे हे आधी कुणालाच कळलं नाही, मला तर नाहीच. झोप गेली आणि झोप हवीशीही वाटेना. चार दिवस मी मशीनवरून फारशी उठले नाही. पाचव्या दिवशी फॉल लावायला आलेल्या तीन नव्या साड्या कापून मी शाळेतल्या पोरींसाठी झगे बेतले. जगात याच्याइतकं चांगलं काम नाही, असं मला वाटत होतं. नवऱ्यानं कात्री काढून घेतली, तर मी त्याच्या दंडाला चावले. हे मला आठवत नाही. दंडावरची खूण मात्र मी नंतर पाहिली. साड्यावाल्या तिन्ही घरी तो जाऊन हात जोडून आला.

त्यानंतर उलटं झालं. दोन महिने मी भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. मशीनवर चादर टाकलेली होती, ती काढायचंही मनात येत नव्हतं.

मग परभणीचे मनाच्या आजाराचे डॉक्टर. शांत, कमी बोलणारे. या आजारात माणूस कधी फार वर जातं, कधी फार खाली, असं त्यांनी समजावलं. लिथियमची गोळी दिली, सकाळी आणि रात्री. ही गोळी म्हणजे एक प्रकारचं मीठच आहे, पण रक्तात तिचं प्रमाण मोजत राहावं लागतं, म्हणाले. गोळी लागू पडली. खोटं कशाला बोलू, तिनंच मला उठवलं. मी चादर काढली, मशीनला तेल घातलं आणि कामाला बसले.

तेव्हा हात थरथरायला लागला. भांडी घासताना, भाकरी थापताना काही अडत नव्हतं. सुईत दोरा ओवताना अडायचं, आणि तुरपईचे टाके कोंबडीनं उकरल्यासारखे पडायचे. शाळेतल्या एका मास्तरीणबाईंनी लेकीच्या लग्नाचा ब्लाऊज माझ्याकडं टाकला होता. गळा वाकडा झाला. त्या चांगला झालाय म्हणाल्या. पुढचा ब्लाऊज त्यांनी पूर्णेत शिवून घेतला, हे मला दुसरीकडून कळलं.

मी डॉक्टरांना सांगितलं. थोडी थरथर होतेच, पाणी भरपूर प्या, चहा कमी करा, असं ते म्हणाले. पुढच्या खेपेला पुन्हा सांगितलं, तर सवय होईल म्हणाले. तिसऱ्या खेपेला मी गोळी कमी करा म्हणून अडूनच बसले. त्यांनी कागदावरून मान वर केली.

"बाई, तुम्ही साड्या कापल्या होत्या, विसरलात का? हात महत्त्वाचा की डोकं?"

याचं उत्तर मला परतीच्या बसमध्ये सुचलं. दिवसभर हात नीट चालला, तरच माझं डोकं जाग्यावर राहतं. पण बसमध्ये ते ऐकायला कोण होतं?

दुसऱ्या दिवसापासून सकाळची गोळी मी घेतलीच नाही. डब्यातून काढायची आणि परत टाकायची. नवऱ्यालाही सांगितलं नाही. दहा-बारा दिवसांत हाताची थरथर थांबली. एका दुपारी मी अख्खा गळा तुरपला, एक टाका उसवावा लागला नाही. तो ब्लाऊज मी उगीचच दोनदा उलटा करून पाहिला. डॉक्टर चुकले आणि आपण बरोबर निघालो, याचं सुख मला ब्लाऊजापेक्षा जास्त झालं होतं.

तिसऱ्या आठवड्यात नवरा मेंढरं घेऊन निघता निघता उंबऱ्यात थांबला.

"दोन दिस झाले," तो म्हणाला, "तू मला बोलणं पुरं करू देईनास."

"मला चांगलं झालेलं तुमाला बघवना," मी म्हणाले.

तो वाद घालत बसला नाही. मेंढरं त्यानं चुलतभावाच्या हवाली केली आणि परत येऊन उंबऱ्यातच बसला. त्याला कळपात साठ जनावरं असली तरी कुठलं मागं पडायलंय ते न मोजता कळतं. बऱ्याच वेळानं त्यानं, डबा बघू का, एवढंच विचारलं. मी रागानं डबा त्याच्यापुढं आदळला. तो गोळ्या मोजत होता तेव्हा माझी नजर माझ्याच मशीनकडं गेली. मशीनशेजारी सात ब्लाऊज कापून ठेवले होते, आणि त्यातला एकही शिवायला घेतला नव्हता. कधी कापले, का कापले, काही सांगता येईना. नवऱ्याचं म्हणणं मला पटलं नव्हतं. ते सात ब्लाऊज पटले.

दुसऱ्याच दिवशी आम्ही परभणी गाठली. मी काही लपवलं नाही. डॉक्टरांचा आवाज चढला नाही, पण राग दिसत होता. आणखी आठ दिवस गेले असते, तर तुम्ही दाखल झाला असता, म्हणाले. मी मान हलवली.

"चूक झाली, साहेब," मी म्हणाले. "पण मी तीनदा सांगितलं. तुमी ऐकलं न्हाई, म्हणून गोळी चोरून कमी केली."

नवरा माझ्याकडं बघतच राहिला. आमच्याकडं डॉक्टरांशी असं कुणी बोलत नाही. एक महिना पूर्ण गोळ्या घ्या, मग या, तेव्हा हाताचं बोलू, असं डॉक्टर म्हणाले.

महिन्यानं गेले तेव्हा हात पुन्हा पहिल्यासारखाच थरथरत होता. पिशवीत दोन ब्लाऊज होते, एक चोरून गोळी कमी केलेल्या दिवसांतला आणि एक आताचा. दोन्ही उलटे करून त्यांच्या टेबलावर ठेवले. मग सुई-दोरा काढून त्यांच्यासमोर ओवायला घेतला. दोरा सुईच्या नाकाला लागायचा आणि बाजूला जायचा. बाहेर पेशंट बसले होते, पण त्यांनी मला थांबवलं नाही. शेवटी त्यांनी हात पुढं करून सुई घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि स्वतः ओवायला लागले. तिसऱ्यांदा जमलं.

"दिवसातून किती वेळा ओवता?" त्यांनी विचारलं.

"हातशिलाई असली की तीस-चाळीस बार."

त्यांनी आताचा ब्लाऊज उचलून बराच वेळ टाके पाहिले. मग म्हणाले, "हे मी पहिल्यांदाच बघायला हवं होतं."

डोस त्यांनी थोडासाच कमी केला, माझ्या मनाजोगा नाही, आणि सगळ्या गोळ्या रात्रीच्या केल्या. सुरुवातीला रक्त लवकर लवकर तपासायचं ठरलं. थरथरीसाठी आणखी एक लहान गोळी सुचवली, ती मी नको म्हणाले. एका गोळीचा त्रास दुसऱ्या गोळीनं झाकायला मन घेत नव्हतं. तुमची मर्जी, म्हणत त्यांनी तसं कागदावर लिहिलं. आणि एक अट घातली. नवऱ्याला बदल दिसला, तर माझं काही न ऐकता त्यानं फोन करायचा.

ही अट मला लागली. माझ्या तब्येतीचं माझ्यापेक्षा नवऱ्याचं खरं मानणार का, असं मी विचारलंच.

"ते सात ब्लाऊज कापत होता, तेव्हा आपण ठीक आहोत असं तुम्हाला वाटत होतं ना?"

"वाटत होतं."

"म्हणून," डॉक्टर म्हणाले.

या गोष्टीला आता पाच वर्षं होतील. थरथर कमी झाली, गेली नाही. तुरपई मी दुपारच्या जेवणाआधी उरकते, तेव्हा हात बरा चालतो. नवरीचे ब्लाऊज घेत नाही. मास्तरीणबाई परत आल्या नाहीत. रस्त्यात भेटल्या तर दोघी थांबून बोलतो. नवऱ्यानं डॉक्टरांना दोनदा फोन केला. एकदा त्याचं खरं होतं. एकदा मी नुसतीच त्याच्यावर चिडले होते, आजाराचा काही संबंध नव्हता, आणि हे डॉक्टरांना पटवता पटवता माझी पुरेवाट झाली.

गोळी जन्मभर लागेल असं डॉक्टरांचं मत आहे. माझं तसं नाही. वर्षातून एकदा मी, अजून थोडी कमी करायची का, म्हणून विचारते. मागच्या महिन्यातही विचारलं. त्यांनी रक्ताचा कागद पाहिला, माझा हात टेबलावर ठेवायला सांगून तोही पाहिला, आणि यंदा नको म्हणाले. का नको तेही नीट सांगितलं. मला अर्धं पटलं.

"पुढच्या वर्षी पुन्हा विचारणार," मी म्हणाले.

"विचारा," ते म्हणाले, आणि पुढची तारीख लिहून दिली. अस्तराचं कापड संपलं होतं, म्हणून आम्ही तिथून बाजारात गेलो.