सालकाचा लाकडी चिमटा

वाळवंटातल्या आमच्या वस्तीत पोरीला लग्नासाठी लठ्ठ करायचं ठरलं की सालकाला निरोप जायचा. ती यायची ती चिमटा घेऊनच. एका टोकाला चामड्याने बांधलेल्या दोन काड्या. पोर लोणी घातलेल्या उंटिणीच्या दुधाचा वाडगा ढकलू लागली की सालका तिच्या पायाची बोटं त्या काड्यांत धरून आवळायची. ओकली तर ओकलेलंच परत पाजायची. माझ्या डाव्या पायाची करंगळी अजून वाकडी आहे, नमाजला बसते तेव्हा कळ येते. तरी मी तिला कधी शाप दिला नाही. अंगावर मांस चढलं म्हणून मला चांगलं घर मिळालं, असं सगळ्या म्हणत आणि मीही म्हणत असे.

सालका स्वतः तर इतकी लठ्ठ, की दोघींनी धरल्याशिवाय उठायची नाही. उतारवयात तिच्या छातीत गाठ लागली तेव्हा बायका कौतुकाने म्हणाल्या, लोणी अजून अंगी लागतंय हिच्या. तीही हसली. गाठ फुटून कपडे भिजू लागले तेव्हा कुठे तिला राजधानीत, नुआकशोतला नेलं. डॉक्टरणीने एक स्तन कापून काढला. ती म्हणाली, खाण्यातल्या लोण्यानेच हे झालं असं मी सांगू शकत नाही. पण पाळी गेल्यावर अंगावर एवढी चरबी असली की या कॅन्सरचा धोका वाढतो. सालका परतली ती निम्मी होऊन.

पाऊस होऊन उंटिणी दुधावर आल्या, तशी तिच्या मुलीने, नेइनाने, आपल्या नऊ वर्षांच्या लेकीला, तूतूला, पाजायला घेतलं. किंकाळ्या माझ्या तंबूपर्यंत आल्या. मी धावले. नेइना पोरीच्या छातीवर गुडघा रोवून बसली होती, दूध पोरीच्या नाकातून वाहत होतं. सालका खांबाला टेकून बघत होती.

"आई, बसलीस काय? चिमटा लाव. या काटकीला कोण नेणार लग्न करून? माझ्या वेळी बरा चालायचा तुझा हात."

सालका चिमटा घेऊन बसल्या बसल्या पुढे सरकली. तिने नेइनाच्याच पायाची दोन बोटं काड्यांत धरली आणि अंगातलं होतं नव्हतं ते बळ लावून आवळली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. पोर सुटून माझ्यामागे लपली.

"आता तू पी," सालकाने वाडगा मुलीच्या तोंडाला लावला. "सगळं पी. छाती कापायला मीच नेते तुला."

नेइनाने वाडगा हिसकावून आईच्या तोंडावर हाणला. सालकाचा ओठ फाटला, रक्त दुधात टपटपू लागलं, पण तिने काड्या सोडल्या नाहीत. शेवटी नेइना रडत म्हणाली, "सोड. नाही पाजत."

"अल्लाची शपथ घे. ही ऐकतेय." तिने मानेने मला दाखवलं.

नेइनाने शपथ घेतली.

सालका पुढे काही महिनेच जगली. नेइना लंगडत तिला पाणी द्यायची, बोलायची मात्र नाही. मयतीला आलेल्या बायकांना तूतू तुरुतुरु चहा वाटत होती. एकीने तिचा दंड चिमटीत धरून नेइनाला टोमणा मारला, पोटच्या पोरीला उपाशी ठेवतेस वाटतं?

नेइनाने माझ्याकडे पाहिलं. मग दुखरा पाय वस्त्राखाली ओढून घेतला आणि म्हणाली, "भूक लागली की खाते ती."