आधी फक्त लस

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी मिरवते, लपवत नाही. माय पाली गावात शेळ्या राखते, मी बीडला एका ऑफिसात वेबसाइटी बनवते.

शेळ्या पाळणाऱ्या वीसेक बायांचा गट आहे. सगळ्यांच्या शेळ्यांच्या लसीची वही मायकडं असायची. मागच्या साली एका बोकडानं ती खाल्ली, पुठ्ठ्यासकट. कोणत्या शेळीला लस टोचली, कोणती राहिली, काही कळेना. लस राहून गेली आणि दोन शेळ्या दगावल्या. बायांनी मायला बोल लावला. माय सगळ्यांपुढं म्हणाली, "आता वही न्हाई. मव्ही लेक फोनातच करून देती. न्हाई जमलं, तर हे काम दुसरीनं घ्यावं."

मी जीव ओतून केलं. जावास्क्रिप्टमध्ये प्रत्येक कामाचा वेगळा क्लास लिहिला, म्हणजे त्या कामाची सगळी अक्कल एका गाठोड्यात बांधलेली. लसीचा, आजाराचा, विण्याचा, फोटोंचा, वजनाच्या आलेखाचा सुद्धा. पान उघडलं की सगळे क्लास एकदम उतरायचे. ऑफिसच्या वायफायवर चुटकीसरशी.

पालीत माय गोठ्यापुढं फोन धरून बसली, चार बाया बघायला, मी बाजूला. पान पांढरंफटक, मधे गोल फिरतंय.

"काय गं, तुझ्या लेकीचं उठंना का अजून?" शेजारची काकू म्हणाली.

"दम धर की. शेळी बी पान्हा सोडायला वेळ घेती."

"पान्हा सोडूस्तोर करडू मरंल, बाई!"

बाया हसल्या. माय बी हसली, पण तिनं फोन पदराखाली घेतला. ते मला लागलं.

बाया गेल्यावर तिनं विचारलं, "एवढा वेळ कावून लागतो?"

"आधी सगळं आणावं लागतं ना."

"सगळं कावून? डाक्टर टोचायला येतो तवा सगळी गाडी गोठ्यात घालतो का? सुई आणतो. एखादी शेळी अडलेली दिसली, तर मग गाडीतून दुसरी पेटी मागवतो."

हे मी कॉलेजात शिकले होते, पेपरात लिहिलंही होतं. पण आमच्याकडं पाहुण्याच्या ताटात लोणच्यापासून पापडापर्यंत सगळं आधीच वाढतात. पाहुण्याला एखादी वाटी मागावी लागली, तर घरच्या बाईला मेल्याहून मेल्यासारखं होतं. वेबसाइटही मी तशीच वाढली होती.

बीडला जाऊन सगळं पान उसवलं. उघडताना फक्त शेळीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर आणि लसीचा क्लास. बाकीच्या कामांची नुसती बटणं. बटण दाबलं की त्या कामाचा क्लास तेव्हा येणार. मायनं पालीतून आजाराचं बटण दाबून बघितलं. यायला जरा वेळ लागला, तर बाईनं सात वेळा दाबलं आणि सात वेळा मागणी गेली! मग एक मागणी चालू असताना दुसरी जाऊ नये अशी सोय केली आणि बटणाखाली लिहिलं, "आणतेय, थांबा."

लसीच्या दिवशी मी मुद्दाम रजा टाकली. मायनं फोन हातात घेतला आणि पान लगेच उघडलं. तिचा दुसरा हात अजून पदरच सावरत होता. काकूची शेळी पहिली. डॉक्टरांनी टोचलं, मायनं नंबर टाकला, हिरवी खूण उमटली.

"झालं. ने आता."

काकू हलेना. "बघू, मव्हं नाव हाय का त्यात?"

नाव होतं. काकूनं ते दोनदा बघितलं आणि काही न बोलता शेळी ओढत गेली. काकू न बोलता गेली, हे पालीत पहिल्यांदाच घडलं असेल.

डॉक्टरांनी मान वर केली. "हे कोणी बनवलं?"

"मव्ह्या लेकीनं. मीच सांगितलं तिला, सगळं एकदम आणू नको म्हणून."

"मावशी, तुम्हाला कॉम्प्युटर येतो?"

"त्यात काय यायचंय?" म्हणत मायनं पुढच्या शेळीचा कान धरला.