होडीवरची न्हाणी

"तिथं आंघोळीला गरम पाणी असंल तर येते मी," असं बायको फोनवर म्हणाली आणि मी त्याच दिवशी चाकणला तांब्याची नळी शोधायला निघालो. दोन वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडून 'येते' हा शब्द निघाला होता. मला तेवढा बास होता.

दोन वर्षांपूर्वी ती वाकडला मुलाकडे गेली, ती तीन महिन्यांसाठी. सुनेचं बाळंतपण झालं, मग सुनेची नोकरी पुन्हा सुरू झाली, मग नातीला सांभाळणार कोण? तीनाचे सहा महिने झाले, सहाचे चोवीस. मुलगा आयटीत आहे, सोळाव्या मजल्यावर राहतो. त्यानं मलाही बोलावलं होतं, नाही असं नाही. मी आठ दिवस राहून बघितलं. लिफ्टमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही. खाली बाकड्यावर बसलं तर वॉचमन विचारतो, काका, कुठला फ्लॅट? नवव्या दिवशी पिशवी उचलली आणि आकुर्डीच्या आमच्या दोन खोल्यांत परत आलो. "व्हा पुढं, मी येते मागनं," असं ती म्हणाली होती.

मी तेव्हा नुकताच कंपनीतून रिटायर झालो होतो. लोखंडाचे पार्ट तापवून कडक करायच्या भट्टीवर एकोणतीस वर्षं काढलेली. रिटायर झाल्यावर दोन खोल्यांत एकटाच. सकाळी उठून चहा करायचा, तर दोन कपांचं आधण ठेवायचो आणि एक कप ओतून द्यायचो. टीव्ही लावला तर त्यातल्या बाईला मीच उत्तरं द्यायला लागलो. म्हटलं, गड्या, हे काही खरं नाही, वेड लागायची पाळी आली. तेवढ्यात ओळखीतून हे काम आलं. चाकणच्या पलीकडे डोंगरात धरण आहे. तिथल्या एका जमीनवाल्यानं पाण्यात जाळीचे पिंजरे टाकून मासे पाळलेत. माशांना दोन वेळा खाद्य टाकायला आणि चोरांवर नजर ठेवायला त्याला पाण्यावरच राहणारा माणूस पाहिजे होता.

आता मी मूळचा माण तालुक्यातला. आमच्या गावात पाणी टँकरनं यायचं. विहिरीत पोहायला शिकायचं तर विहिरीत पाणी लागतं ना! त्यामुळं पोहता येत नाही. मालकाला तसं सांगितलं तर तो म्हणाला, "मग तर लई ब्येस. तुम्ही होडी सोडून कुठं जाणार न्हाई." मी अंगात तरंगायचं जाकीट घातलं आणि राहायला गेलो.

होडी लोखंडी, वीसेक फुटांची, वर पत्र्याची केबिन. आत एक फळ्यांचा पलंग, गॅसची शेगडी, टपावर सोलरची प्लेट आणि खाली बॅटरी. पिंजऱ्यांच्या कडेला दोर टाकून उभी असायची. दिवसभरात माणूस दिसला तर दिसला. दुपारी दुपारी तर आपला आवाज कसा आहे तेच विसरायला व्हायचं, मग मी माशांना शिव्या घालायचो. खायला या म्हटल्यावर सगळे येतात आणि खाऊन झालं की खाली जातात, अगदी नातेवाइकांची जात. बायकोला रोज फोन करायचो. ती म्हणायची, जेवला का? मी म्हणायचो, जेवलो, तू ये की इकडं. मग नात रडायची आणि फोन बंद व्हायचा. खरं सांगायचं तर मला तिची लई आठवण यायची, पण ते काही फोनवर सांगायला जमलं नाही.

तर ती गरम पाण्याचं बोलली. खोटं कशाला वाटेल? गार पाण्यानं तिच्या बोटांचे सांधे धरतात, हे मला ठाऊक होतं. मी स्वतः धरणाचंच पाणी तांब्यानं अंगावर ओतून घ्यायचो, आणि थंडीत तेही दोन दिवसांआड. तिला असं कसं चालणार? म्हटलं, साधी बादली तापवून देण्यापेक्षा चांगला शॉवरच करू. वाकडला तिच्या बाथरूममध्ये शॉवर आहे. आपण कमी का पडावं?

भंगारवाल्याकडं जुन्या एसीची तांब्याची नळी मिळाली. तिच्यात बारीक वाळू ठासून भरली, दोन्ही टोकं बंद केली आणि मग एका जाड पाइपाभोवती गोल गोल वळवली. वाळू नाही भरली तर वळवताना नळी चेपते. नंतर वाळू झटकून काढायला अर्धा दिवस गेला. तेलाचा पंधरा किलोचा डबा कापून त्याच्यात ते वेटोळं बसवलं आणि खाली शेगडीचा बर्नर ठेवला. गाड्या धुवायचा बॅटरीवरचा छोटा पंप आणला. धरणातलं शेवाळ आत ओढलं जाऊ नये म्हणून त्याच्या तोंडाला माझा पायमोजा बांधला. होडीच्या मागच्या अंगाला चार अँगल उभे केले, त्याला निळी ताडपत्री लावली, पायाखाली लाकडी पट्ट्या ठोकल्या, वर शॉवरची जाळी. न्हाणी तयार. मला त्या आठ दिवसांत माशांशी बोलायला सवडच झाली नाही.

पहिली ट्रायल मीच घेतली. पंप चालू, गॅस चालू, उघडा होऊन खाली उभा राहिलो. आई गं! पाठीवर असं कढत पाणी आलं की मी ताडपत्रीसकट बाहेर. जाकीट केबिनमध्ये राहिलेलं. आणखी एक पाऊल मागं पडलं असतं तर माशांची आणि माझी पंचाईतच होती. पंप जोरात केला, गॅस बारीक केला, तरी एकदा कढत, एकदा थंडगार. च्यायला! भट्टीच्या तोंडातला रंग बघून मी सांगायचो, आठशे साठ डिग्री आहे का आठशे ऐंशी. मीटर बिघडलं तर इंजिनिअर लोक मला बोलवायला यायचे. आणि आपल्या आंघोळीचं पाणी किती गरम असतं ते मला सांगता येईना.

येणार कसं? आमच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली. चौतीस वर्षं मला आतून हाक यायची, "पाणी काढलंय." मी उठायचो, न्हाणीत जायचो, बादली भरलेली, तांब्या पालथा, पाणी अंगाला सोसेल असं. कढत पाण्यात गार पाणी घालून ते बेताचं करायचं, त्या गार पाण्याला विसण म्हणतात. आमच्याकडं इसण. मी नळी केली, पंप बसवला, जाळी लावली आणि इसणच विसरलो! गार पाण्याची लाइनच टाकली नव्हती. कुणा शिकाऊ पोरानं अशी चूक केली असती तर मी त्याचा जीव खाल्ला असता.

बायकोला फोन लावला. "अगं, इसण किती घालायचीस?"

"काय?"

"माझ्या पाण्यात. आंघोळीच्या."

ती एवढी हसली, एवढी हसली, की मागं सून विचारत होती, आई, काय झालं? मग म्हणाली, "कोपर बुडवून बघायचे. पहिल्यापास्नं तुम्हाला जरा कडकच लागतंय. दोन तांबे घालायचे, थंडीत एकच." त्या दिवशी आम्ही वीस मिनिटं बोललो. मला तर वाटलं, ती आलीच.

दुसऱ्या दिवशी पंपाच्या पुढं टी, म्हणजे तीन तोंडांचा सांधा जोडला. एक फाटा वेटोळ्यातून, एक सरळ. दोन्हीला कॉक लावले आणि जाळीच्या आधी परत एकत्र आणले. गाराचा कॉक किती फिरवला की पाणी अंगाला सोसतं, ते कोपर भिजवून भिजवून बघितलं आणि तिथं खिळ्यानं खूण केली.

रविवारी सकाळी मुलानं तिला गाडीनं काठावर आणून सोडलं. त्याला जवळच कुणाला तरी भेटायचं होतं, दुपारी न्यायला येतो म्हणाला. 'न्यायला' हा शब्द मी कानाआड केला. मी होडी काठाला लावली, तिला हात देऊन वर घेतलं, साडीवरूनच जाकीट घातलं. "हे कशाला? मासं काय मला खात्यात व्हय?" म्हणाली, पण होडीची कड घट्ट धरून बसली. होडी परत पिंजऱ्यांपाशी आणेपर्यंत कड सोडली नाही. मग केबिनमध्ये गेली, कळकट पातेल्यांकडे बघून कपाळाला हात लावला, भाकरी आणि मिरचीचा ठेचा पिशवीतून काढून ठेवला. मी राहायला आल्यापासून त्या केबिनमध्ये दुसरं माणूस पहिल्यांदाच बसलं होतं. मला नुसतं तिच्याकडं बघत बसावंसं वाटत होतं.

"चल, आधी आंघोळ," मी म्हणालो.

"सकाळी करून आलीये की मी."

"असू दे. परत कर."

ती ताडपत्रीच्या आत गेली. मी बाहेर कॉकपाशी उभा राहिलो. आणि मोठ्यानं, अख्ख्या धरणाला ऐकू जाईल असं म्हणालो, "पाणी काढलंय!"

आतून हसू आलं. मग "अगं बाई, भाजलं की!"

"मी माझ्या बेतानं लावलंय. तुला कसं लागतं? कढत का कोमट?"

मी गाराच्या कॉकवर हात ठेवला.

"अगं, कसं पाहिजे?"

"मला काय म्हाईत?" ती म्हणाली. "तुमचं, पोराचं झाल्यावर जे उरायचं ते घ्यायचे मी."

मी कॉक थोडा थोडा फिरवत राहिलो. आता? अजून जरा. आता? बास, बास, हे बरंय. अर्धा तास ती आत होती. बाहेर आली तेव्हा केस ओले, तोंड लाल, हातांची बोटं उघडझाप करून बघत होती. "झकास झालंय हो," म्हणाली. मी तर हवेत.

ती केस विंचरायला उन्हात बसली आणि मी बोलत सुटलो. पलंग दीड फूट वाढवतो, अँगल शिल्लक आहे. केबिनला मधे पडदा टाकतो. गॅसची दुसरी टाकी आणून ठेवतो. आठवड्याला एकदा चाकणला बाजारात जाऊ. तू कधी येतेस सांग.

तिनं फणी थांबवली. "न्हाई यायची मी."

"गरम पाणी झालं की आता."

"पाण्याचं मी आपलं बोलले. तुम्ही सारखं ये, ये म्हणत होता, तोंडावर न्हाई कसं म्हणायचं? मला वाटलं, विचाराल, का गं येत न्हाईस? तर मी पाणी म्हणले आन् तुम्ही निघाला पायपं आणाय."

गाराच्या कॉकमधून थेंब गळत होता. "तो जरा आवळून येतो," म्हणून मी उठलो.

"बगा," ती म्हणाली. "निघाला परत."

मी बसलो. तिच्या समोर, जवळच. आणि विचारलं, "का गं येत नाहीस?"

मग ती बोलली. सोसायटीतल्या चार बायकांबरोबर सकाळी फिरायला जाते. नात तिच्याशिवाय झोपत नाही. सून रोज विचारते, आई, आज तुम्हाला काय खावंसं वाटतंय? पहिल्यांदा विचारलं तेव्हा तिला रडू आलं होतं. पोटाशी मोबाइल धरून ती आता मराठीतनं मेसेज लिहायला शिकली आहे. लग्नापासून एवढं सलग तिचं ऐकल्याचं मला आठवत नाही.

"तुमची आठवण येती," ती शेवटी म्हणाली. "येत न्हाई असं न्हाई. पण तुमच्याकडं यावंसं वाटत न्हाई."

काठावरून मुलानं हॉर्न वाजवला. मी दोर सोडला आणि होडी काठाकडं घेतली.